गच्चीवरचा साग

वेत फाटलेला, पाय आकाशाकडे, अंगावर करडी कळा. चंडीगडच्या सरकारी इमारतींच्या गच्च्यांवर आणि मागच्या अंगणांत अशा खुर्च्यांचे ढीग वर्षानुवर्षे ऊनपाऊस खात पडले होते. लिलाव निघाला की भंगाराच्या भावात जायच्या.

1950च्या दशकात पंजाबची ही नवी राजधानी उभी राहिली, तेव्हा तिचा वास्तुविशारद ल कॉर्बुझिए याचा नातलग आणि सहकारी प्येर जानरे याने, युली चौधरींसारख्या सहकाऱ्यांसह, तिच्या कचेऱ्यांसाठी या खुर्च्या आखल्या. लाकूड सागाचे, बैठक वेताची, काम इथल्याच सुतारांचे. सागाची निवड शहाणपणाची होती. त्यात मुळातच तेल असते, त्यामुळे वाळवी आणि पाणी दोन्ही त्याला सहजी बाधत नाहीत. वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागातून बांधलेले, 1817 साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. पण जहाजांचे डेक खलाशी पाणी आणि वालुकाश्माने घासून काढत. गच्चीवरच्या खुर्चीला कोण हात लावणार?

उन्हातले अतिनील किरण लाकडातले लिग्निन मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे करडा थर उरतो. तो वरवरचाच असतो. मऊ ब्रशने, रेषांच्या दिशेने, सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावे, सावलीत वाळवावे, मग हलका पॉलिश पेपर फिरवावा, की आतला सोनेरी साग पुन्हा दिसतो. पाण्याचा जोराचा फवारा मात्र मारू नये, तंतू उभे राहतात. लाखेचे पॉलिश घरात शोभते, पण पाणी लागले की पांढरे पडते. उघड्यावरच्या लाकडाला तेलाचा हात बरा. वेताचे दुखणे वेगळे: कोरड्या उन्हाळ्यात तो कडक होऊन तडकतो, आणि तो पुन्हा विणायला विणकर लागतो.

कचेऱ्यांना ती यातायात नको होती. परदेशी व्यापाऱ्यांना चालली. त्यांनी लिलावात ढीगच्या ढीग उचलले, घासूनपुसून नवा वेत बसवला आणि लाखोंच्या बोलीला उभे केले. खात्याचे नाव आणि क्रमांक लिहिलेली पांढरी अक्षरे मात्र जपली, कारण अस्सलपणाचा तोच दाखला! एमी सीगेलच्या ‘प्रॉव्हेनन्स’ (2013) या चित्रपटात हा प्रवास उलट दिशेने दिसतो: श्रीमंत दिवाणखान्यांपासून चंडीगडपर्यंत.

2011 साली केंद्रीय गृह मंत्रालयाने या फर्निचरच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदीचा आदेश काढला. पण 1972च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे अशी वस्तू पुरावस्तू ठरायला शंभर वर्षे लागतात, आणि या खुर्च्यांची शंभरी 2050 नंतर भरेल.