वॉकेशा : घरगुती पाणी व रेडॉन-सुरक्षितता

वॉकेशा. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील वॉकेशा परगण्याचे मुख्य ठिकाण व मिलवॉकी महानगराच्या पश्चिमेचे उपनगरी शहर. लोकसंख्या ७१,१५८ (२०२०). मिशिगन सरोवरापासून सु. २७ किमी. पश्चिमेस, फॉक्स नदीकाठी. प्रस्तुत नोंद शहराच्या घरगुती पाण्यापुरती व घरांत शिरणाऱ्या रेडॉन वायूपुरती मर्यादित आहे.

झरे : १८६८ मध्ये रिचर्ड डनबार या गृहस्थाने येथल्या एका झऱ्याचे पाणी पिऊन आपला मधुमेह बरा झाल्याचे जाहीर केले व झऱ्याला ‘बेथेस्डा’ असे बायबलमधील नाव दिले. दाव्याला वैद्यकीय आधार नव्हता, पण पुढची तीस-चाळीस वर्षे गावाला त्याचा फायदा झाला. हॉटेले उभी राहिली, बाटलीबंद पाण्याचा धंदा वाढला आणि ‘पश्चिमेचे सॅराटोगा’ ही ख्याती मिळाली. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनासाठी येथील हायजिया झऱ्याचे पाणी नळाने न्यायचा बेत जेम्स मॅकेलरॉय या उद्योजकाने आखला. मे १८९२ मध्ये त्याचे मजूर खास आगगाडीने रात्री येऊन थडकले, तेव्हा गावकरी हत्यारे घेऊन आडवे गेले आणि काम बंद पडले. शेवटी नळ दक्षिणेकडील बिग बेंड येथून टाकावा लागला. हे झरे उथळ थरांतले. पुढे ज्या पाण्यावरून कज्जा झाला ते खोल थरांतले. दोहोंची गल्लत करू नये.

खोल जलधर व रेडियम : शहराखालची रचना वरून खाली अशी आहे. आधी हिमनद्यांनी आणून टाकलेला गाळ व गोटे, त्याखाली सिल्युरियन काळातील डोलोमाइट, त्याखाली मॅकोकेटा शेल हा जवळजवळ अपार्य थर आणि त्याच्याही खाली कँब्रियन-ऑर्डोव्हिशियन काळांतील वालुकाश्मांचा जाड जलधर. शहराच्या मुख्य विहिरी पाचशे-सहाशे मीटरपर्यंत उतरून या वालुकाश्मातून पाणी उपसत. शेलचे झाकण असल्यामुळे पावसाचे पाणी तेथे फारच सावकाश पोचते. बरेचसे पाणी हजारो वर्षांपूर्वी मुरलेले आहे. मिलवॉकी, शिकागो व उपनगरे यांनी एकोणिसाव्या शतकापासून त्यातून उपसा केला आणि वॉकेशाच्या परिसरात भूजलाची पातळी दीडशे मीटरहून अधिक खाली गेली. २००० नंतर काही निरीक्षण-विहिरींत पातळी पुन्हा चढू लागली. तिचा अर्थ कसा लावायचा, याविषयी सरोवराचे पाणी आणण्याच्या शहराच्या पुढील मागणीचे समर्थक व विरोधक यांच्यात मतभेद राहिले.

या खडकांत युरेनियम व थोरियम अत्यल्प प्रमाणात विखुरलेले आहेत. युरेनियम-२३८ च्या क्षयमालिकेतून रेडियम-२२६ (अर्धायुकाल सु. १,६०० वर्षे) व थोरियम-२३२ च्या मालिकेतून रेडियम-२२८ (सु. ५.७५ वर्षे) निर्माण होते. ऑक्सिजन नसलेल्या, क्षारयुक्त व दीर्घकाळ कोंडलेल्या पाण्यात रेडियम खडकाच्या पृष्ठभागाला चिकटून राहत नाही, विरघळून येते. रासायनिक दृष्ट्या ते कॅल्शियमचे भावंड असल्याने शरीरात गेलेल्या रेडियमचा काही भाग हाडांत साचतो. अमेरिकेत दोन्ही समस्थानिके मिळून पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरला ५ पिकोक्यूरी (०.१८५ बेकेरेल) आहे. वॉकेशाच्या काही खोल विहिरींत हे प्रमाण १५ पर्यंत आढळले होते. त्या पाण्याला रंग, वास वा चव यांवरून ओळखणे शक्य नाही.

नियम व न्यायालय : ५ पिकोक्यूरींची मर्यादा १९७६ ची. १९९१ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ती शिथिल करून प्रत्येक समस्थानिकाला स्वतंत्रपणे २० पिकोक्यूरी करण्याचा प्रस्ताव मांडला. साहजिकच अनेक नगरपालिकांनी खर्चिक उपाय लांबणीवर टाकले. डिसेंबर २००० मध्ये अंतिम नियम आला, तेव्हा जुनीच मर्यादा कायम राहिली. वॉकेशा शहराने तिला आव्हान दिले. अल्प मात्रेच्या किरणोत्सर्गाचा धोका मात्रेच्या सरळ प्रमाणात मोजणे चुकीचे आहे, एका ठरावीक मात्रेखाली अपाय होत नाही, असा युक्तिवाद होता. वॉशिंग्टन येथील संघीय अपील न्यायालयाने २००३ मध्ये याचिका फेटाळली. अल्प मात्रेचा वाद विज्ञानात आजही पुरता मिटलेला नाही. नियमापुरता तो तेथे संपला. पुढे राज्य शासनाशी झालेल्या न्यायालयीन तडजोडीत पूर्ण पालनासाठी २०१८ ची व नंतर वाढवून २०२३ ची मुदत ठरली.

मधल्या काळात शहराने खोल व उथळ विहिरींचे पाणी मिसळून रेडियमचे प्रमाण खाली आणले आणि काही विहिरींवर जलयुक्त मँगॅनीज ऑक्साइडची प्रक्रिया बसवली. हा पदार्थ पाण्यात सोडला की रेडियम त्याच्या कणांना चिकटते व वाळूच्या गाळणीत अडकते. प्रक्रिया साधी व खात्रीची आहे, फक्त गाळणीतल्या गाळाची विल्हेवाट विचारपूर्वक करावी लागते. सार्वजनिक चर्चेत या तंत्राला मिळाले त्यापेक्षा अधिक स्थान मिळायला हवे होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सरोवराचे पाणी : कायमचा उपाय म्हणून शहराने मिशिगन सरोवराकडे पाहिले. अडचण भूगोलाची होती. पाणलोटाची सीमारेषा शहराच्या पूर्वेस सु. अडीच किमी.वरून जाते. तिच्या पश्चिमेला पडलेले पाणी फॉक्स व इलिनॉय या नद्यांतून मिसिसिपीला मिळते, म्हणून वॉकेशा सरोवराच्या खोऱ्याबाहेर ठरते. डिसेंबर २००८ मध्ये अमलात आलेल्या बृहत् सरोवर करारानुसार खोऱ्याबाहेर पाणी नेण्यास बंदी आहे. अपवाद सीमेवर पसरलेल्या शहरांचा आणि असे शहर नसले तरी ज्याचा परगणा सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे अशा शहराचा. शेजारचे न्यू बर्लिन पहिल्या अपवादात बसले व त्याला २००९ मध्ये मंजुरी मिळाली. वॉकेशा दुसऱ्यात येते. त्यासाठी करारातील आठही राज्यांची संमती लागते व एका राज्याचा नकार पुरेसा असतो.

अर्ज २०१० चा. मंजुरीपूर्वी मागणी दिवसाला सरासरी १०.१ दशलक्ष गॅलनची होती व पुरवठाक्षेत्रात शेजारच्या गावांचे भागही धरले होते. या क्षेत्राबद्दल सर्वांत अधिक आक्षेप आले. पाणी सध्याच्या रहिवाशांसाठी की भावी वसाहतींसाठी, असा प्रश्न विचारला गेला. क्षेत्र घटवून व मागणी ८.२ दशलक्ष गॅलनवर (सु. ३.१ कोटी लि.) आणून २१ जून २०१६ रोजी आठ राज्यांनी एकमताने मंजुरी दिली. वापरलेले पाणी शुद्ध करून सरोवराच्या खोऱ्यात परत पाठवण्याची अट होती. त्यासाठी सांडपाणी फ्रँकलिन शहराजवळ रूट नदीत सोडण्यात येते. नदीवरील परिणामांविषयीचे दावे परस्परविरोधी आहेत. पुरवठा आधी ओक क्रीक शहराकडून घ्यायचे ठरले होते. २०१७ मध्ये मिलवॉकीशी करार झाला. ९ ऑक्टोबर २०२३ पासून शहराच्या नळांना सरोवराचे पाणी येऊ लागले. प्रकल्पाचा खर्च सु. २८.६ कोटी डॉलर असून तो पाणीपट्टीत उतरला.

सरोवराचे पाणी म्हणजे निर्धोक पाणी, अशी समजूत होऊ नये. १९९३ मध्ये मिलवॉकीच्या याच सरोवरातील पुरवठ्यातून क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी पसरला व सु. ४,०३,००० लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे. मृतांच्या संख्येविषयी एकमत नाही. त्यानंतर तेथे ओझोनप्रक्रिया सुरू झाली.

घरातील बदल : वॉकेशाचे भूजल फार जड असल्याने बहुतेक घरांत पाणी मऊ करणारे आयन-विनिमय यंत्र असते. कॅल्शियमबरोबर ते रेडियमही बऱ्याच अंशी काढते, मात्र स्वयंपाकघरातील थंड पाण्याचा नळ पुष्कळदा यंत्राला वळसा घालून जोडलेला असतो. म्हणजे अंघोळीचे पाणी रेडियममुक्त आणि पिण्याचे तसेच, असा उफराटा प्रकार अनेक घरांत होता. सरोवराचे पाणी त्यामानाने कमी जड आहे (गॅलनला सु. ८ ग्रेन). यंत्राची मात्रा त्यानुसार न उतरवल्यास मीठ वाया जाते व त्यातील क्लोराइड प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याबरोबर नदीत पोचते. मिलवॉकीच्या पाण्यात क्लोरामाइन असते; मत्स्यपेटी व डायलिसिस यांसाठी ते आधी काढावे लागते. शिशाचा संसर्ग रोखण्यासाठी ऑर्थोफॉस्फेट घालतात.

रेडॉन : रेडियम-२२६ च्या क्षयातून निर्माण होणारा रंगहीन, गंधहीन वायू (रेडॉन-२२२, अर्धायुकाल ३.८ दिवस). वॉकेशातील घरांत तो मुख्यतः घराखालच्या जमिनीतून येतो; खोल वालुकाश्माशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे २०२३ मध्ये नळाचे पाणी बदलले, तरी तळघरांतील रेडॉन होता तेवढाच राहिला. पाण्यातून येणारा वाटा सहसा लहान असतो. पाण्यात लिटरला १०,००० पिकोक्यूरी रेडॉन असेल, तर घराच्या हवेत साधारण १ पिकोक्यूरीची भर पडते. पाण्यातील रेडॉनसाठी १९९९ मध्ये ३०० पिकोक्यूरींची मर्यादा प्रस्तावित झाली, ती कधीच अंतिम झाली नाही.

संघीय नकाशात वॉकेशा परगणा पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संभाव्यतेच्या विभागात मोडतो. लगतचा मिलवॉकी परगणा दुसऱ्यात. हा नकाशा परगण्यांचा आहे, घरांचा नव्हे. एकाच गल्लीतील दोन घरांची मापे कितीतरी पटींनी वेगळी निघू शकतात. हिवाळ्यात घर तापवले की उबदार हवा वर चढते, तळघरात दाब उतरतो व फरशीच्या भेगांतून, नळांभोवतीच्या फटींतून आणि पाणी उपसण्याच्या खड्ड्यातून मातीतली हवा आत ओढली जाते. विस्कॉन्सिनचा हिवाळा लांब असल्याने हे ओढणे वर्षातले कित्येक महिने चालते.

मोजमापासाठी कोळशाची डबी (२ ते ७ दिवस) किंवा अल्फा-लेखक पट्टी (९० दिवस ते १ वर्ष) वापरतात. अल्पकालीन चाचणीपूर्वी १२ तास व चाचणीभर दारे-खिडक्या मिटून ठेवायच्या असतात. हवेत लिटरला ४ पिकोक्यूरी (घनमीटरला १४८ बेकेरेल) वा अधिक आढळल्यास उपाय करावा, असा संघीय सल्ला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० बेकेरेलची संदर्भपातळी सुचवली. नेहमीचा उपाय असा : फरशीला भोक पाडून किंवा उपशाच्या खड्ड्यावर झाकण बसवून त्यात पीव्हीसी नळ घालतात, सतत चालणाऱ्या पंख्याने फरशीखालची हवा ओढून छपरावर सोडतात. नळावर द्रव भरलेली इंग्रजी यू आकाराची काचनळी असते; तिच्या दोन्ही भुजांतील पातळी सारखी दिसली, तर पंखा बंद पडला असे समजावे.

धोक्याची तुलना : अमेरिकेत रेडॉनमुळे दरवर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने सु. २१,००० मृत्यू होतात, असा संघीय अंदाज आहे. पिण्याच्या पाण्यातील रेडॉनमुळे सु. १६८. आयुष्यभर ४ पिकोक्यूरींच्या हवेत राहणाऱ्या १,००० धूम्रपान करणाऱ्यांमागे सु. ६२ जणांना व कधीही धूम्रपान न केलेल्यांमागे सु. ७ जणांना हा कर्करोग होईल, असे गणित मांडले जाते. मर्यादेइतके रेडियम असलेल्या पाण्याची जोखीम १०,००० मागे एक-दोन अशा कोटीची धरतात. असे असूनही पाण्याच्या प्रश्नावर न्यायनिवाडे, आठ राज्यांच्या सुनावण्या व हजारो पानांचे अहवाल उपलब्ध आहेत. तळघरातील हवेचे माप घ्यायचे की नाही हे घरमालकावर सोडलेले असल्याने तिच्याविषयी असे दप्तर तयारच झाले नाही. प्रस्तुत नोंदीतील असमतोलही त्यातूनच आला आहे.

घरविक्री : विस्कॉन्सिनच्या कायद्यानुसार विक्रेत्याने भरावयाच्या स्थितिपत्रकात रेडॉन व पाणीपुरवठ्यातील रेडियम या दोहोंचा नावानिशी उल्लेख आहे. विक्रेत्याने स्वतःला ठाऊक असलेला दोष सांगायचा असतो. विक्रीपूर्वी रेडॉनची चाचणी करण्याची सक्ती नाही.

खासगी विहिरी : शहराच्या नळयोजनेबाहेरील घरांना वरील मर्यादा लागू होत नाहीत. जीवाणू व नायट्रेट यांसाठी वर्षातून एकदा तपासणी करावी, अशी राज्याची शिफारस आहे.