कॅशमुळे होणारी मेमरी लीक

कॅशमुळे होणारी मेमरी लीक : वेब ॲप्लिकेशनच्या सर्व्हरवरील कॅशमध्ये नोंदी भरत राहतात, पण त्या निघून जाण्याची सोय नसते, तेव्हा उद्भवणारा दोष. मेमरी हळूहळू व्यापत जाते, गार्बेज कलेक्टर वारंवार चालू लागल्याने पाने उघडण्यास उशीर होतो आणि अखेर प्रोसेस कोसळते किंवा लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस थांबवणारी यंत्रणा) ती बंद करतो.

स्वरूप : जावा, पायथन, जावास्क्रिप्ट या भाषांत मेमरी आपोआप मोकळी होते, म्हणून त्यांत लीक संभवत नाही, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. चालू प्रोग्रॅममधून ज्या ऑब्जेक्टपर्यंत संदर्भ पोचतो, त्याला कलेक्टर हात लावत नाही. स्टॅटिक हॅशमॅपमधील नोंद पुन्हा कोणीही मागितली नाही, तरी कलेक्टरच्या लेखी ती वापरातच असते. जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’ (२००१) या ग्रंथात लीकच्या नेहमीच्या कारणांमध्ये कॅशचा स्पष्ट उल्लेख केला आहे.

कारणे : मुख्य कारण कॅश-कीची निवड. उत्पादनाचा क्रमांक ही की असेल, तर नोंदी मालाच्या यादीपुरत्याच राहतात. शोधपेटीतला मजकूर, सेशन आयडी किंवा क्वेरी स्ट्रिंगसह पूर्ण यूआरएल की म्हणून घेतला, तर नोंदींना अंत नाही. चाचणीत मोजक्याच की येतात, म्हणून दोष दिसत नाही. प्रत्यक्ष वापरात सर्च इंजिनांचे क्रॉलर फिल्टरांच्या नाना जोडण्या उघडत जातात आणि पुन्हा कधी न लागणाऱ्या पानांनी कॅश भरते. जावात की म्हणून घेतलेल्या क्लासमध्ये इक्वल्स आणि हॅशकोड या मेथड लिहिलेल्या नसतील, तर तीच की दर वेळी नवी ठरते. उपयोग शून्य, वाढ मात्र अखंड.

पायथनमधील फंक्शनचे निकाल साठवणारा एलआरयू-कॅश डेकोरेटर (आवृत्ती ३.२, २०११) सोयीचा आहे, पण क्लासच्या मेथडवर लावल्यास ‘सेल्फ’ हाही कीचा भाग होतो आणि कॅश तो सबंध ऑब्जेक्ट धरून ठेवते. डिफॉल्ट मर्यादा १२८ नोंदींची आहे. म्हणजे प्रत्येक ऑब्जेक्टसोबत मोठी फाइल किंवा क्वेरीचा निकाल असेल, तर मर्यादा पाळूनही मेमरी अडकते. आवृत्ती ३.९ (२०२०) मध्ये आलेल्या ‘कॅश’ या डेकोरेटरला मर्यादाच नाही. विनंतीगणिक बदलणाऱ्या माहितीसाठी तो वापरू नये.

निदान : पूर्ण गार्बेज कलेक्शननंतर शिल्लक राहणारी मेमरी पाहावी. आलेखाचा हा तळ दिवसेंदिवस वर सरकत असेल, तर लीकचा संशय धरावा. मर्यादा घातलेली कॅशही सुरुवातीला वाढते आणि मग स्थिरावते. त्यामुळे तासाभराच्या मोजणीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. ठरावीक अंतराने दोन हीप डंप (मेमरीतील ऑब्जेक्टांची नोंद) घेऊन कोणत्या प्रकारचे ऑब्जेक्ट वाढले, ते ताडून पाहतात. जावासाठी एक्लिप्स मेमरी ॲनालायझर, पायथनसाठी ट्रेसमॅलॉक, नोडसाठी क्रोमची डेव्हलपर साधने उपयोगी पडतात. रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट केल्याने लक्षण झाकते, दोष तसाच राहतो.

उपाय : नोंदींची संख्या किंवा त्यांचे एकूण वजन यांवर कमाल मर्यादा घालणे हा खरा उपाय. केवळ मुदत ठरवणे अपुरे, कारण अनेक लायब्ररींत मुदत संपलेली नोंद कोणी मागेपर्यंत किंवा पुढचे लेखन होईपर्यंत जागेवरच राहते. जावातील वीकहॅशमॅपमध्ये की सैल धरलेली असते, व्हॅल्यू नव्हे. व्हॅल्यूने उलट कीला धरले, तर काहीच मोकळे होत नाही. मेमरी अपुरी पडेपर्यंत ऑब्जेक्ट धरून ठेवणाऱ्या सॉफ्ट रेफरन्सविषयी मतभेद आहेत. ग्वावा या जावा लायब्ररीच्या दस्तऐवजात आकाराची मर्यादाच अधिक भरवशाची मानली आहे.

कोणती नोंद काढायची, यासाठी सर्वांत जास्त काळ न वापरलेली नोंद आधी काढणारी एलआरयू पद्धत रूढ आहे. तिचा दोष असा, की एकदाच लागणाऱ्या माहितीची लांबलचक रांग आली, तर उपयोगी नोंदी बाहेर ढकलल्या जातात. यावर उपाय म्हणून निम्रोद मेगिद्दो आणि धर्मेंद्र मोधा यांनी आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत एआरसी ही पद्धत मांडली (२००३). पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसने ती ८.० आवृत्तीत स्वीकारली होती, पण पेटंटच्या प्रश्नामुळे ८.०.२ मध्ये ती काढून टूक्यू पद्धत घेतली.



डिफॉल्ट मर्यादा : कॅश वेगळ्या सर्व्हरवर नेल्याने प्रश्न सुटतोच असे नाही. अशा सर्व्हरांपैकी मेमकॅश्डची डिफॉल्ट मर्यादा ६४ एमबी आहे. ६४-बिट रेडिसला मात्र कोणतीच मर्यादा घातलेली नसते. आणि ती घातली, तरी काढण्याचे धोरण न निवडल्यास जुन्या नोंदी जात नाहीत, नवे लेखन नाकारले जाते. ॲप्लिकेशनच्याच मेमरीतील कॅशचे पाहिले, तर पायथनमधील जँगो या फ्रेमवर्कची स्थानिक मेमरी-कॅश ३०० नोंदींवर थांबते, पण प्रत्येक वर्कर प्रोसेस आपली प्रत वेगळी ठेवते. जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कमध्ये कॅशची लायब्ररी जोडली नाही, तर साधा काँकरंट मॅप वापरला जातो. प्रत्यक्ष सेवेत तो वापरण्याची शिफारस स्प्रिंग बूटचे दस्तऐवजही करत नाहीत.