विरघळण्यासाठी दिलेला लेप

खुब्याचा बिनसिमेंटचा कृत्रिम सांधा हातात घेतला, तर मांडीच्या हाडात ठोकून बसवायच्या टायटॅनियमच्या दांडीवर अनेकदा पांढरट, खरखरीत थर दिसतो. हा हायड्रॉक्सिॲपटाइटचा लेप. हाडातलं मुख्य खनिज याच जातीचं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. बाकी सांधा वर्षानुवर्षं झिजू नये म्हणून सगळी धडपड असते. हा थर मात्र विरघळेल हे गृहीत धरूनच चढवलेला असतो.

१९६०च्या दशकात उलटा विचार रूढ होता. शरीरात घालायची वस्तू जितकी निष्क्रिय तितकी चांगली, असं मानलं जाई. शरीर मात्र अशा वस्तूभोवती तंतुमय पडदा विणून तिला वेगळं पाडायचं. हाड आणि धातू यांची गाठच पडत नसे. इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी मधली फट ॲक्रिलिक सिमेंटने भरून काढली. पण फरशांच्या सांध्यात भरलेल्या सिमेंटसारखं ते फक्त जागा धरून ठेवी, हाडाशी एकजीव होत नसे.

वळण आलं ते अमेरिकेत. १९६७ साली फ्लोरिडा विद्यापीठातले लॅरी हेंच एका लष्करी परिषदेला बसने चालले होते. किरणोत्सारात टिकणाऱ्या पदार्थांवर त्यांचं काम चालू होतं. शेजारी व्हिएतनामहून परतलेला एक कर्नल बसला होता. त्याने विचारलं, असा पदार्थ मानवी शरीरात टिकणारा करता येईल का? हेंच यांनी धातू आणि प्लास्टिक बाजूला ठेवून हाडातलेच घटक असलेली काच घडवली. वजनाने ४५ टक्के सिलिका, सोडियम आणि कॅल्शियमचे ऑक्साइड प्रत्येकी २४.५ टक्के, फॉस्फरसचं ६ टक्के. ग्रीनली या शल्यविशारदांनी तिचे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले. सहा आठवड्यांनी ते काढायला गेले, तर तुकडे हाडातून सुटेनात.

काच हाडाला धरून बसली, कारण ती थोडी विरघळली होती. शरीरातल्या द्रवात तिच्यातलं सोडियम बाहेर पडतं आणि पृष्ठभागावर सिलिकाचा जेलसारखा थर उरतो. त्यावर कॅल्शियम-फॉस्फेट साचून हाडासारखे स्फटिक तयार होतात. पेशी आणि कोलॅजन तिथे पाय रोवतात.

पण काच ठिसूळ. चालत्या माणसाचं वजन ती पेलणार नाही. ताकदीसाठी धातूच हवा, काच नुसती वर चढवायची. तेही सोपं नव्हतं, कारण तापल्यावर ही काच टायटॅनियमपेक्षा बरीच जास्त प्रसरण पावते आणि निवताना तडकते. शेवटी सांध्यांवर पसरला तो हायड्रॉक्सिॲपटाइटचा लेप. नेदरलँड्समध्ये लायडनचे के. डी ग्रूट आणि शल्यविशारद रुडॉल्फ गेसिंक यांनी त्यावर काम केलं. लंडनमध्ये रोनाल्ड फरलाँग यांनी १९८५ साली असा लेप दिलेली दांडी रुग्णात बसवली.

लेप चढवायची रीत प्लाझ्मा फवारणीची. भुकटी हजारो अंश तापलेल्या झोतातून सोडतात. कण अर्धवट वितळून धातूवर आपटतात, चपटे होतात आणि तिथेच थिजतात. गाभा स्फटिकरूप राहतो, वरची साल काचेसारखी होते. साल लवकर विरघळून आसपास कॅल्शियम-फॉस्फेट पुरवते. गाभा जास्त काळ तग धरतो. आच जास्त झाली की लेप भराभर विरतो, कमी पडली की धातूला धरत नाही. थर फार जाड झाला तर पोपडे सुटतात.

क्योटोत संशोधक कोकुबो यांनी फवारणीच टाळली. १९९६ साली त्यांच्या गटाने दाखवलं, की टायटॅनियम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवून ६०० अंशांना तापवलं, की रक्तातल्या क्षारांइतकेच क्षार असलेल्या द्रवात त्यावर ॲपटाइट आपोआप उगवतं.

लेप म्हणजे हमखास फायदा, असंही नाही. स्वीडनच्या सांधेनोंदींच्या अभ्यासात खुब्याच्या खोबणीत बसवायच्या, लेप दिलेल्या वाट्या पुन्हा बदलाव्या लागण्याचा धोका उलट जास्त आढळला. सुटलेले कण सांध्याच्या घासत्या पृष्ठभागांत शिरत असावेत, अशी एक शंका आहे. हाड येऊन भिडेपर्यंत लेपाने टिकायचं, मग जागा सोडायची. हा मुहूर्त दांडीला साधला म्हणून वाटीलाही साधेलच असं नाही.