नगरहवेलीच्या सागाची फ्रिगेट

१७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांच्या ‘सांताना’ या फ्रिगेटीचे नुकसान केले. पुढे १७७९ च्या तहान्वये त्याची भरपाई ठरली आणि १७८३ मध्ये नगरहवेलीची गावे पेशव्यांकडून पोर्तुगीजांच्या हाती गेली. एका जहाजाच्या मोबदल्यात त्यांना सागवानाचे रान मिळाले. साठ वर्षांनी त्याच रानातल्या सागाची दुसरी फ्रिगेट दमणला पाण्यात उतरली.

तिचे नाव ‘दों फर्नांदु सेगुंदु इ ग्लोरिया’. राणी मारिया दा ग्लोरिया आणि तिचा पती फर्नांदु यांच्या नावांवरून ते ठेवलेले. बांधणी १८३२ मध्ये सुरू झाली. २२ ऑक्टोबर १८४३ रोजी सांगाडा पाण्यात लोटला, मग गोव्यात नेऊन त्यावर डोलकाठ्या चढवल्या. पन्नास तोफांची ही फ्रिगेट २ फेब्रुवारी १८४५ रोजी गोव्याहून लिस्बनला निघाली. १८७८ पर्यंतच्या तेहेतीस वर्षांत तिने लाखावर सागरी मैल तोडले. सैनिक, अंमलदार आणि त्यांची बायकामुले तिच्यातून ये-जा करीत. आफ्रिकेत हद्दपार होणारे कैदीही तिनेच नेले. तोवर वाफेची जहाजे आली होती, सुवेझचा कालवाही १८६९ मध्ये खुला झाला होता. पोर्तुगीज आरमारातले हे शेवटचे शिडाचे लढाऊ जहाज ठरले.

पुढे लिस्बनला नांगरून पडलेल्या या जहाजावर गोलंदाजीची शाळा चालली, नंतर गरीब मुलांना नाविक शिक्षण मिळू लागले. ३ एप्रिल १९६३ रोजी आग लागली. जळका सांगाडा तागुश नदीच्या चिखलात एकोणतीस वर्षे रुतून होता. १९९२ मध्ये तो वर काढून दुरुस्त केला. १९९८ च्या लिस्बन येथील जागतिक प्रदर्शनात लोकांनी ही फ्रिगेट पुन्हा पाहिली. आता ती लिस्बनसमोर अल्मादा येथे संग्रहालय म्हणून उभी आहे.

राजाराणीची नावे जहाजावर आहेत. ज्या मिस्त्रीच्या हाताखाली पोर्तुगीज आणि हिंदी कारागिरांनी ते बांधले, त्याचे नाव पोर्तुगीज नोंदींत ‘यादो सेमोजी’ असे उतरले आहे. परक्या लिपीत आपले नाव कसे वाकते, हे सीमाभागातल्या आपल्याला कोणी सांगायला नको. रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर ते रोज दिसते. म्हणून या जहाजाची गोष्ट सांगताना राजाराणीआधी त्या मिस्त्रीचे नाव घ्यावे, जसे हाती आले तसे. सागाचे लाकूड त्याच्या हातांची साक्ष द्यायला अजून उभे आहे.