मनाचा दवाखाना आणि तरुणांचा शब्द

१/ बाळापूर म्हटले की मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरील, १७५७ साली पूर्ण झालेला किल्ला आठवतो. वऱ्हाडच्या इतिहासाचे एक अलीकडचे पान मात्र मानसिक आरोग्याचे आहे.

२/ १८६०च्या दंडसंहितेतील कलम ३०९ने आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवला. त्यामुळे मदत मागणे म्हणजे गुन्ह्याची कबुलीच. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा व्यक्तीच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकली.

३/ त्याच दशकात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प राबवला गेला. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण मिळाले. १८ महिन्यांत नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. सेवा ओळखीची झाली, तशी माणसे तिच्याकडे वळली.

४/ मग तरुणांचे काय? २०१४च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने १० ते १९ वर्षे वयोगटासाठी गावोगावच्या मुलामुलींमधूनच समवयस्क शिक्षक निवडले. परंतु निरोप पोहोचवणे वेगळे आणि सेवा घडवणे वेगळे.

५/ १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या 'संगथ' संस्थेने पुढचे पाऊल टाकले. तिच्या 'प्राइड' प्रकल्पात किशोरवयीनांच्या सहभागातून मोबाइलवरील खेळ घडला. अडचण ओळखणे, पर्याय शोधणे आणि कृती करणे हे त्याचे सूत्र. भाषा, चित्रे, प्रसंग यांवर मुलांचे मत घेतले गेले.

६/ उद्या बाळापूरच्या एखाद्या महाविद्यालयात समुपदेशन कक्ष उघडला, तर त्याची जागा, वेळ आणि दारावरची पाटी कोण ठरवणार? त्या पाटीखालून आत जाण्याचे धैर्य ज्यांना गोळा करावे लागते, त्यांना हे विचारले जाईल का?