हॅमसॅट गेल्यावर: आकाशातला रिपीटर बदलायचा कसा?

हॅम रेडिओच्या गप्पा निघाल्या की रिपीटरचं नाव येतंच. त्याचं काम सांगायला सोपं आहे: एका फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं आणि तेच त्याच क्षणी दुसरीवर जोरात पुढे पाठवायचं. तो डोंगरमाथ्यावर असला की हातातल्या छोट्या सेटचा आवाजही पार लांब पोचतो. बिघडला, तर कुणीतरी नवा सेट पाठीवर घेऊन डोंगर चढतं. पण रिपीटरच पृथ्वीभोवती फिरत असेल तर?

भारतीय हॅम मंडळींपुढे हा प्रश्न जुलै २०१४मध्ये आला. तो कसा, ते बघू.

२६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या हॅमनी अंदमानातल्या लोकांचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचवले. त्यानंतर चारेक महिन्यांनी, ५ मे २००५ला, इस्रोच्या पीएसएलव्ही-सी६नं कार्टोसॅट-१सोबत हॅमसॅट वर नेला. वजन ४२.५ किलो, आणि तो खास हौशी रेडिओवाल्यांसाठी. ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकायचा, १४५च्या आसपास बोलायचा. आत दोन ट्रान्सपाँडर होते: एक भारतीय, दुसरा एका डच विद्यार्थ्यानं बनवलेला. एक बंद पडला तर दुसरा तयार. शिवाय तो फ्रिक्वेन्सीचा एक अख्खा पट्टाच परत पाठवायचा, त्यामुळे एकाच वेळी अनेक संभाषणं चालायची. ध्रुवीय कक्षेमुळे तो जगभर सगळ्यांच्या डोक्यावरून जायचा.

अपेक्षित आयुष्य दोन वर्षं, चालला नऊ. ट्रान्सपाँडरची जोडी होती, पण शेवटी दगा दिला तो लिथियम-आयन बॅटरीनं. आणि तिथे शिडी लावून कोण चढणार?

२८ सप्टेंबर २०१५ला पीएसएलव्ही-सी३०नं अॅस्ट्रोसॅटबरोबर इंडोनेशियाचा लापान-ए२ नेला. त्यात आपत्तीच्या वेळी उपयोगी पडावा म्हणून हौशी रेडिओचा रिपीटर होता. ऐकायला ४३५, बोलायला १४५, म्हणजे जुने अँटेना चालणार! पण हा एफएम रिपीटर. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. कक्षा विषुववृत्तालगत, फक्त ६ अंश कललेली, कारण तो इंडोनेशियासाठी होता. दक्षिण भारताला दिवसातून अनेकदा दिसणार, मुंबई-पुण्याला क्षितिजाकडे झुकलेला, आणि काश्मीरला कधीच नाही. म्हणजे हॅमसॅटची जागा भरली, पण अर्धीच.

यातून एक साधी गोष्ट कळते. दुसऱ्यानं त्याच्या गरजेसाठी बनवलेला रिपीटर आपली गरज पूर्ण भागवेलच असं नाही. स्वतःचा हवा असेल तर त्याची तयारी जुना चालू असतानाच करावी लागते. हॅमसॅटनं त्यासाठी सात वर्षं जास्तीची दिली होती. डोंगरावरच्या रिपीटरलाही हेच लागू आहे. तो आज छान चालतोय ना? मग त्याच्या बदलीचा विचार करायची वेळ हीच. पूर आल्यावर डोंगर चढायला रस्ता असेलच, याची खात्री नसते.

भेटू पुढच्या भागात. सेव्हन्टी थ्री!