भाकरीतील वाटा आणि ताटातील उष्टे : महाराष्ट्रातील श्वानान्नाचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

माणसाच्या अन्नापैकी कुत्र्याला काय घालावे आणि काय घालू नये, हा प्रश्न वरवर पाहता केवळ पशुवैद्यकाचा वाटतो. परंतु हा प्राणी हजारो वर्षे माणसाच्याच चुलीच्या आधाराने जगत आला असल्यामुळे या प्रश्नाला इतिहासही आहे. 'पूर्वी कुत्री आपले उरलेसुरले खाऊनच जगत होती, मग आताच पथ्य कशाला?' हा पुण्यातील घराघरांत ऐकू येणारा युक्तिवाद मुळात इतिहासावरच आधारलेला आहे. तो कितपत खरा आहे, हे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

धान्य आणि श्वान

अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेल्या कांस्यशिल्पांत बैलगाडीसारखा एक रथ आहे. त्याच्या दांड्यावर, बैल आणि सारथी यांच्या मध्ये, एक कुत्रा उभा आहे. शिल्पाच्या कालनिर्णयाविषयी मतभेद असले, तरी प्राचीन दख्खनमधील माणसाच्या सोबतीला कुत्रा होता, ही गोष्ट त्यावरून स्पष्ट होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननातून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. सातू हे तेथील एक प्रमुख पीक होते. अशा वस्त्यांभोवती वावरणाऱ्या कुत्र्याच्या वाट्याला मांसाबरोबर शिजलेले धान्यही येत असणार, असे अनुमान करता येते.

या अनुमानाला जनुकशास्त्राचा आधार मिळतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, पिष्टमय पदार्थ पचवणारे विकर निर्माण करणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात सामान्यतः दोनच प्रती आढळतात, तर कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत असतात. म्हणजे धान्य पचवण्याची क्षमता कुत्र्याने माणसाच्या सहवासात वाढवली. साधा भात, ज्वारी-बाजरीची भाकरी, बिनमसाल्याचे उकडलेले अंडे, हाडे काढलेले शिजवलेले मांस, उकडलेला लाल भोपळा हे पदार्थ बेताने दिल्यास निरोगी कुत्र्याला सामान्यतः मानवतात. धनगराच्या वाड्यावरील कुत्रा भाकरीवर राखण करीत आला, यात नवल नाही.

धर्मशास्त्रातील वाटा

गृहस्थाने स्वतः जेवण्यापूर्वी इतर जीवांसाठी अन्न बाजूला काढावे, हा वैश्वदेवाचा आचार. भारतरत्न पां. वा. काणे यांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केलेल्या आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याचे सविस्तर विवेचन केले आहे. या आचारातील अन्न उष्टे नसून आधी काढलेला वाटा असतो, हा भेद महत्त्वाचा आहे. मात्र या औदार्याला दुसरी बाजूही आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कुत्र्यांबरोबर पतित, श्वपच आणि रोगी यांनाही एकाच यादीत बसवून त्यांचे अन्न भुईवर ठेवण्यास सांगितले आहे. प्राण्याविषयीची करुणा आणि माणसाविषयीची तुच्छता एकाच वाक्यात नांदू शकते, याचा अभ्यासकाला विसर पडू नये.

वैश्वदेवाच्या होमात क्षार आणि मीठ असलेले अन्न आपस्तंब धर्मसूत्राने वर्ज्य मानले आहे, तर मनुस्मृतीने द्विजांना कांदा-लसूण निषिद्ध ठरवले आहे. ज्या घरांनी हा निषेध पाळला, त्यांच्या बळीच्या अन्नात कांदा-लसूण नसणार, हे उघड आहे. तथापि हा नियम माणसाच्या शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेतून आला होता. कुत्र्याला त्याचा लाभ झाला तो योगायोगाने. त्यावरून प्राचीनांना श्वानवैद्यक अवगत होते, असा निष्कर्ष काढणे अनैतिहासिक ठरेल.

जेजुरीचा नैवेद्य

याचा पडताळा पुणे जिल्ह्यातच मिळतो. जेजुरीच्या खंडोबाच्या उपासनेत कुत्र्याला मानाचे स्थान आहे. स्वतःला देवाचा कुत्रा मानणाऱ्या वाघ्यांच्या परंपरेकडे रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या अभ्यासकांनी लक्ष वेधले. चंपाषष्ठीच्या नैवेद्यात रोडगा, वांग्याचे भरीत, पातीचा कांदा व लसूण असतो आणि त्यातला थोडा भाग कुत्र्याला घालण्याची रीत अनेक घरांत आहे. येथे कुत्रा तुच्छ नाही, तो देवाचा सोबती आहे. तरीही त्याला दिला जाणारा घास त्याच्या प्रकृतीला अनुकूल असतोच असे नाही.

कांदा-लसणातील गंधकयुक्त संयुगांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेल्यास रक्तात लक्षणीय बिघाड होऊ शकतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दोन मध्यम कांदेही बाधू शकतात. शिजवल्याने वा वाळवल्याने हा दोष जात नाही. लक्षणे काही दिवसांनी दिसत असल्यामुळे दिलेला घास आणि झालेला आजार यांचा संबंध सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. परंपरेच्या मौनाचे एक कारण येथे सापडते. नैवेद्याचा नुसता रोडगा कुत्र्याला घातला, तर श्रद्धेलाही बाध येत नाही.

बदललेले स्वयंपाकघर

पूर्वीच्या कोरड्या भाकरीच्या तुकड्याची जागा आज शहरात वाटणाची भाजी, बेकरीचे पदार्थ आणि मिठाई यांनी घेतली आहे. शिऱ्यातले बेदाणे निरुपद्रवी भासतात. परंतु द्राक्षे व बेदाणे यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे २००१ च्या सुमारास लक्षात येऊ लागले. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे, असे मत २०२१ मध्ये पुढे आले. हेच आम्ल चिंचेत असते, आणि चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याच्या नोंदी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तेव्हा चिंचगुळाची आमटी कालवलेला भातही कुत्र्याला घालू नये. चॉकलेटमधील थिओब्रोमिन, साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल, मद्य आणि शिजवल्याने ठिसूळ झालेली हाडे हीदेखील घातक आहेत.

समारोप

'पूर्वी चालत होते' हा युक्तिवाद दोन कारणांनी टिकत नाही. पूर्वीचे अन्न वेगळे होते, हे पहिले कारण. पूर्वी कुत्री कशाने दगावली याची नोंद कोणी ठेवली नाही, हे दुसरे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी वस्तीतील कुत्र्यांना अन्न देण्याच्या जागा व वेळा यांचा विचार केला आहे. त्या अन्नात काय असावे, याचा विचार मात्र घालणाऱ्यानेच करावयाचा आहे. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे संत नामदेव मराठी मनाने जपले आहेत. या कथेचे मर्म तुपात नसून, घेणाऱ्याला काय हवे याचा विचार करण्यात आहे. फोडणी घालण्यापूर्वी, मीठ-मसाला पडण्यापूर्वी बाजूला काढलेला मूठभर भात हा वैश्वदेवातील वाट्याचाच आजचा अवतार होय. ताटातले उष्टे ही त्याची जागा घेऊ शकत नाही.